पाच महिने घरी, नऊ इंटरव्ह्यू आणि ऑफर एकही नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. कळव्याला राहणारा एकतीस वर्षांचा मुलगा, ऐरोलीत हेल्थ इन्शुरन्स क्लेमच्या बॅक ऑफिसला आठ वर्षं, त्यातली शेवटची तीन टीम लीड. कंपनीने अख्खी प्रोसेस दुसऱ्या शहरात हलवली आणि ह्याच्यासकट चाळीस जण घरी. पाच महिने झाले, नऊ इंटरव्ह्यू झाले, दोनदा फायनल राउंडपर्यंत गेला, ऑफर नाही. विचारतोय, "ताई, सगळीकडे प्रश्न तर तेच असतात, व्हिडिओ बघून उत्तरं पाठ केलीयत, तरी कुठे चुकतंय?"

अरे बाबा, तू ज्या व्हिडिओवरून पाठ केलंस त्याच व्हिडिओवरून तुझ्या आधीच्या सहा जणांनी पण पाठ केलंय ना. सकाळी अकरापासून बसलेल्या माणसाने "आय ॲम अ परफेक्शनिस्ट" चौथ्यांदा ऐकलं की तो मान हलवतो आणि मनात जेवायला काय आणलंय त्याचा विचार करतो, हे मी खरं सांगतेय कारण मी स्वतः तशीच मान हलवलीय.

मी बावीस वर्षं हेच, माणसं निवडायचं काम करतेय. सुरुवात वागळे इस्टेटला रोड नंबर २२ वरच्या एका कारखान्यात, टाइम ऑफिसच्या बाजूला एक टेबल होतं तिथे, मग महापे, मग ऐरोली, आणि आता घरून तीन-चार कंपन्यांची भरती बघते. मध्ये सव्वा वर्ष मी पण घरी होते, त्याचं पुढे सांगते.

आधी आत्ताची परिस्थिती समजून घे, कारण त्यावर सगळं आहे. गेल्या महिन्यात बेलापूरच्या एका जागेसाठी तीन दिवसांत सहाशेच्या वर सीव्ही आले, मी नीट वाचले असतील सत्तर. बाजार चांगला असतो तेव्हा मॅनेजर माणूस शोधत असतो, आत्ता तो काट मारायला कारण शोधत असतो. आणि त्याला पण दोष देऊन उपयोग नाही, कारण ही एक जागा मंजूर करून घ्यायला त्याने वरती चार महिने मेल घातलेले असतात. घेतलेला माणूस दोन महिन्यांत सोडून गेला किंवा जमलं नाही तर ती जागा परत मिळेलच असं नाही, वर "कोणी निवडला होता?" हा प्रश्न त्यालाच. म्हणजे समोरचा साहेब तुझ्याएवढाच घाबरलेला असतो रे. तो विचारतो एक आणि त्याच्या पोटात असतं दुसरंच. तुझ्या पाठ केलेल्या उत्तरांत त्याच्या प्रश्नाला उत्तर आहे, त्याच्या भीतीला नाही. मला विचारशील तर सगळी गोम इथेच आहे.

"टेल मी अबाउट युवरसेल्फ" घे. इथे त्याला तुझं मूळ गाव, बारावीचे टक्के, वडील कुठून रिटायर झाले हे काही नको असतं, पण दहातले सात जण तिथूनच सुरू करतात. त्याला एकच बघायचंय की ह्याला माझं काम येतं का, का मलाच शिकवत बसावं लागणार. तू मला फोनवर जे सांगितलंस त्यावरून मी तुझं उत्तर असं केलं असतं, आकडे मी अंदाजाने घातलेत, तू तुझे खरे घाल (बाकी वाचणाऱ्यांसाठी: आयआरडीएआय म्हणजे विम्याची सरकारी नियामक संस्था, प्री-ऑथ म्हणजे उपचाराआधीची कॅशलेस मंजुरी, टॅट म्हणजे काम संपवायची ठरलेली वेळ):

"सर, मी आठ वर्षं हेल्थ क्लेममध्ये आहे, शेवटची तीन वर्षं कॅशलेसची चौदा जणांची टीम बघत होतो. २०२४ मध्ये आयआरडीएआयचं सर्क्युलर आलं, प्री-ऑथ एका तासात आणि डिस्चार्जचं फायनल अप्रूव्हल तीन तासांत द्यायचं, तेव्हा आमची दुपारची रांग तुंबायला लागली. सगळी हॉस्पिटलं डिस्चार्ज बारा ते तीनमध्येच टाकतात आणि माझी अर्धी टीम तेव्हाच जेवायला जायची. मी जेवण दोन बॅचमध्ये केलं आणि दोन सीनियर त्या तीन तासांत फक्त डिस्चार्जवर बसवले. महिन्याभरात टॅटबाहेर जाणाऱ्या केसेस दिवसाला तीसवरून पाच-सहावर आल्या. तुमच्या जाहिरातीत कॅशलेस आणि एस्कलेशन दोन्ही लिहिलंय, म्हणून अप्लाय केलं."

दीड मिनिटाच्या आत संपतं हे. बघ यात "हार्डवर्किंग", "टीम प्लेयर" एकदाही नाहीये पण जेवणाच्या दोन बॅच आहेत, आणि ज्याने कधीही फ्लोअर चालवलाय त्याला त्या जेवणाच्या गोष्टीवरून लगेच कळतं की हा खरोखर तिथे उभा होता. तू फोनवर हे मला असं सांगितलंस की जसं काही विशेष नाही, आणि इंटरव्ह्यूत मात्र "मॅनेज्ड एंड टू एंड ऑपरेशन्स". का? तर म्हणे जेवणाचं काय सांगायचं मोठ्या माणसांना. अरे तेच सांगायचं.

इंग्रजीचं टेन्शन घेतोस तर वाक्यं तोड. आय हॅड फोर्टीन पीपल. लंच टाइम वॉज द प्रॉब्लेम. आय मेड टू बॅचेस. एवढं चालतं, खरंच चालतं, क्लेमच्या फ्लोअरवर कोणी भाषण द्यायला घेत नाही. मोठी वाक्यं पाठ केलीस की मध्येच एक शब्द निसटतो आणि मग चेहराच उतरतो, तो उतरलेला चेहरा जास्त लक्षात राहतो.

आता तुझा खरा दुखरा भाग, "जॉब का सुटला आणि पाच महिने काय करत होतास". दोन वेळा फायनलला जाऊन हुकलास त्यातल्या एकीकडे तू काय बोललास ते तू स्वतःच लिहिलंयस, "मॅनेजमेंटने आम्हाला शेवटपर्यंत अंधारात ठेवलं, एचआरने फोन उचलणं बंद केलं". खरं असेल, मला शंका नाही. पण ऐक. २००९ च्या मंदीत माझी नोकरी गेली तेव्हा मी पण हेच केलं होतं. एका कंपनीत गेले, समोर एक वयस्कर गृहस्थ, अगदी मायेने विचारलं, "काय झालं हो तिथे?" आणि मी सुटले, बॉस कसा, पगार कसा उशिरा, पीएफ कसा भरला नाही, दहा मिनिटं. ते ऐकत होते आणि ऐकता ऐकता त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं. मला तेव्हा कळलं नाही. घरी येताना तीन हात नाक्याला रिक्षात बसल्या बसल्या कळलं की इंटरव्ह्यू टोपण लावलं तेव्हाच संपला होता, पुढचं सगळं मी उगाच बोलत होते. त्यांच्या मनात एवढंच आलं असणार की उद्या ही आमच्याबद्दल पण असंच कुठेतरी बसून बोलेल.

म्हणून दोन वाक्यं आणि गप्प. "कंपनीने प्रोसेस दुसऱ्या शहरात हलवली, इथली चाळीस जणांची टीम बंद झाली, त्यात मी होतो. रिलीव्हिंग लेटर आणि शेवटच्या वर्षाचं रेटिंग माझ्याकडे आहे." बस. त्यापुढे जी शांतता येते ना, ती भरायला जाऊ नकोस, सगळा घोळ तिथेच होतो. एकट्या माणसाला काढलं असतं तर शंका असते, चाळीस जण गेले म्हटल्यावर हा धंद्याचा निर्णय होता हे कोणालाही समजतं. तो आकडा तुझ्या बाजूचा आहे आणि तू तोच लपवत होतास, लाज वाटते म्हणून.

गॅपबद्दल खोटं अजिबात नको. फ्रीलान्सिंग करत होतो, मित्राच्या फर्ममध्ये होतो, असलं काही नाही. बॅकग्राउंड चेकवाले यूएएनची, म्हणजे तुझ्या पीएफ नंबरची, सर्व्हिस हिस्टरी मागतात, त्यात कुठल्या कंपनीत कधी जॉइन झालास आणि कधी बाहेर पडलास दोन्ही तारखा दिसतात. माझ्याकडे एकाची ऑफर जॉइनिंगच्या चार दिवस आधी गेली, फक्त तीन महिने इकडचे तिकडे दाखवले होते म्हणून, बाकी पोरगा हुशार होता. आणि आत्ताच ईपीएफओच्या पोर्टलवर जाऊन तुझी एक्झिट डेट टाकलीय का बघून घे, बऱ्याच कंपन्या ती टाकतच नाहीत आणि मग नवीन ठिकाणी तू अजून जुन्याकडेच आहेस असं दिसतं. ती तू स्वतः पण टाकू शकतोस, शेवटचा पीएफ जमा झाल्यावर दोन महिन्यांनी.

आणि घरी बसलायस हीच गोष्ट विकता येते हे तुला कोणीच सांगितलं नाही का? नोकरीत असलेल्या माणसाचा नोटीस पिरियड साठ किंवा नव्वद दिवस, त्यातून त्याला जुन्याच कंपनीकडून वाढीव पगाराची काउंटर ऑफर मिळाली की तो येतच नाही, मॅनेजर तीन महिने वाट बघून परत शून्यावर. तू सोमवारी बसू शकतोस. हे सीव्हीच्या वरच्या दोन ओळींत लिही आणि तोंडाने पण सांग.

एक प्रश्न व्हिडिओत कधी नसतो आणि आपल्याकडे हमखास असतो, "कुठे राहता?" लोक "कळवा" म्हणून मोकळे होतात. त्याच्या मनात ट्रान्स-हार्बरची गर्दी, पावसाळ्यात विटाव्याच्या पुलाखालचं पाणी, आणि मागच्या वर्षी डोंबिवलीचा मुलगा तीन आठवड्यांत "ट्रॅव्हलिंग जमत नाही" म्हणून गेला ते, सगळं एका क्षणात येऊन जातं. बेलापूरच्या जागेसाठी मी एकीला आदल्या दिवशी ऑफिसच्या वेळेला खरोखर जाऊन यायला सांगितलं होतं. इंटरव्ह्यूत ती म्हणाली, "काल ट्रायल घेतली सर, कळव्याहून ठाणे, मग नऊ नंबर प्लॅटफॉर्मवरून पनवेल गाडी, घरापासून तुमच्या गेटपर्यंत सव्वा तास लागला, रोज जमेल." तो साहेब हसलाच. नंतर मला म्हणाला, बाकी सगळ्यांनी नो प्रॉब्लेम म्हटलं, हिने वेळ सांगितला. नाईट शिफ्ट असेल तर कॅब कुठपर्यंत सोडते हे मात्र तूच विचार, काही कॅब स्टेशनपर्यंतच सोडतात आणि रात्री तीनला ठाणे स्टेशनला उतरून काय करणार तू.

तू एक्झिक्युटिव्हच्या जागांना पण अप्लाय करतोयस, टीम लीड असून. तिथे "तुम्ही तर ओव्हरक्वालिफाइड आहात" येणार. हा प्रश्न नसतो, काट मारायची तयारी असते, कारण बाजार उघडला की हा उडणार असं त्याला वाटतं. "मला काहीही चालेल" म्हटलंस की त्याची खात्रीच पटते. त्यापेक्षा म्हण की "लीड होण्याआधी पाच वर्षं मी स्वतः क्लेम प्रोसेस केलेत, शेवटच्या वर्षीसुद्धा महिनाअखेरीला टीमबरोबर बसून फाइल काढायचो. मला पहिल्या आठवड्यात फाइल द्या, ट्रेनिंगचा वेळ वाचेल." म्हणजे तुझा जास्तीचा अनुभव त्याच्या फायद्याचा कसा ते त्याला दिसलं पाहिजे.

वीकनेस आणि पाच वर्षांनी कुठे, ह्या दोघांवर फार डोकं घालवू नकोस. वीकनेस खरी सांग पण कामाच्या मुळावर येणारी नको, आणि त्यावर काय करतोस ते लगेच जोड, जसं की एक्सेलमध्ये पिव्होटपुढे येत नव्हतं, आता एमआयएसचे रिपोर्ट स्वतः काढतो. एवढंच. पाच वर्षांनीच्या प्रश्नाला हल्ली एक शेपूट असतं, "एआय आलं तर तुमच्या कामाचं काय?" इथे घाबरू पण नकोस आणि फुशारकी पण नको. साधे-सरळ क्लेम मशीन आधीच पास करतंय, हॉस्पिटलने डिस्चार्ज समरीत एक लिहिलं आणि बिलात दुसरं, असल्या वाकड्या केसेस माणसाकडे येतात आणि मी तिथेच कामाचा आहे, असं काहीतरी तुझ्या शब्दांत.

पगार. इथे तू चुकतोयस असं मला वाटतं, कारण तू सीटीसीच्या, म्हणजे कंपनी वर्षाचं सगळं धरून सांगते त्या आकड्यावर अडून बसतोस. कागद घे. समजा ऑफर ७ लाख २० हजार, त्यात १०% व्हेरिएबल, म्हणजे पूर्ण मिळेलच असं नसलेला भाग. ते ७२ हजार बाजूला काढले की महिन्याला राहिले ५४ हजार. बेसिक ३० हजार धर. कंपनीचा पीएफ १२% म्हणजे ३,६००, ग्रॅच्युइटी ४.८१% म्हणजे १,४४३, हे दोन्ही सीटीसीतच मोजलेले असतात. उरले ४८,९५७. त्यातून तुझा पीएफ ३,६०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की हातात ४५,१५७. आता दुसरीकडची ऑफर ६ लाख ६० हजार, पण सगळं फिक्स्ड. बेसिक साडेसत्तावीस हजार, तसाच हिशोब केला की हातात ४६,८७७ येतात. आकडा साठ हजारांनी कमी आणि महिन्याला सतराशे जास्त. व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर वर्षाला पहिली पुढे जाते हे खरं, पण "गेल्या दोन वर्षांत व्हेरिएबल किती टक्के दिलं गेलं" हे विचारल्याशिवाय तो पैसा आपला धरू नये. काही ठिकाणी पीएफ १५ हजारांवरच कापतात आणि इन्शुरन्सचा हप्ता पण सीटीसीत घालतात, तेव्हा ब्रेकअप मागूनच घे. ह्या पगारावर नवीन रेजिममध्ये इन्कम टॅक्स लागत नाही, ती काळजी सोड.

एक्स्पेक्टेशन विचारली की आधी त्यांचं बजेट विचार, सरळ विचार, "ह्या जागेची रेंज काय ठेवलीय?" नाहीच सांगितलं तर "आधी ७.२० होतं, फिक्स्ड नीट असेल तर मी त्याच्या आसपास बोलू शकतो." "कितीही चालेल" म्हणू नकोस, कितीही म्हणणाऱ्याला खरंच कितीही देतात. आणि जुना पगार फुगवू नकोस, तीन महिन्यांच्या स्लिप आणि बँक स्टेटमेंट मागतातच. जॉइनिंगसाठी कोणी डिपॉझिट, लॅपटॉपचे पैसे असलं काही मागितलं तर तिथूनच परत फिर, तुझ्यासारखे पाच महिने घरी असलेलेच त्यांना सापडतात.

मुलींना अजूनही "लग्नाचं काय, मुलाचं काय" विचारतात, २०१७ पासून सव्वीस आठवड्यांची मॅटर्निटी लीव्ह आहे म्हणून तर काही मॅनेजर जास्तच विचारतात, मी माझ्यासमोर विचारू देत नाही. "शिफ्टच्या वेळा मला जमतील" एवढं बोलून पुढे जायचं.

शेवटी "एनी क्वेश्चन्स?" आलं की तू "नो सर" म्हणतोस असं लिहिलंयस. दोन विचार. ही जागा नवीन आहे की कोणी सोडून गेलं? आणि पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून कुठली एक गोष्ट झाली तर तुम्हाला बरं वाटेल? दुसऱ्याचं उत्तर देताना तो स्वतःचं दुखणं सांगतो, बघ तू. एकदा एक मॅनेजर म्हणाला होता, "क्लेम रिजेक्शनच्या लेटरमध्ये चुका होतात, विमा लोकपालकडे तक्रारी जातात," आणि समोरच्या मुलाने तिथल्या तिथे विचारलं की लेटर टेम्प्लेटवरून निघतं की हाताने टाइप होतं. पुढची वीस मिनिटं दोघं कामाचंच बोलत बसले. मी बाहेर पुढच्या कँडिडेटला चहा पाजत होते.

व्हिडिओ राउंड असेल तर फोन हातात धरू नको, पुस्तकांच्या थप्पीला टेकव, आणि खिडकीकडे तोंड करून बस. कुकरची शिट्टी झाली तर सॉरी म्हणून पुढे जा, आपल्या सगळ्यांच्या घरी होते.

आता असं कर, ती जेवणाच्या बॅचची गोष्ट मला व्हॉइस नोटवर पाठव, तुझ्या खऱ्या आकड्यांसकट, मोबाइलवर घड्याळ लावून. दोन मिनिटांच्या वर गेली तर मी ऐकणार नाही. आणि तुर्भ्याची जी जागा म्हणालास तिचा इंटरव्ह्यू गुरुवारी आहे ना, मग बुधवारी सकाळी ट्रायल मारून ये, सुट्टीच्या दिवशी नको, गर्दीच्या वेळेला.